फुकटच्या तीन सुना

२८ जुलै, सोमवार

नाई, प्रेमपत्र नाई लिहून राह्यली. लिहीन तवा पोस्टात टाकाले तुलेच देईन.

असं म्हटलं मी सुरभीले, तवा कुठं ते डोकावून पाहाची थांबली. मंग म्हणे, "आई, वही मी परीक्षेसाठी आणली हाय. त्याच्यात काहीबाही लिहू नको."

"परीक्षेची वही ते निळी. हे माही."

"हिच्यात काय लिहिणार?"

"निळीत जे लिहिता येत नाई ते."

तं आता दोन वह्या झाल्या. सातवीपर्यंत शाळेत गेली मी, पण एका वेळी दोन वह्या कधी भेटल्या नाई.

काम असं हाय. सुरभी माही एकुलती एक. पुण्याले दोन वर्ष कंप्युटरवर बसून आली, अन् सहा महिन्यापासून वणीले शेतकरी कंपनीत हाय. पण कच्ची, पक्की नाई. कंपनी म्हणजे आपल्याच आजूबाजूच्या गावाइतल्या कापूस-सोयाबीनवाल्याइनं मिळून काढलेली. त्याइले आता कंप्युटरमधले एजंट पाहिजे. एजंट म्हटल्यावर मले विमेवाला आठवला, दर सणाले येऊन चहा पिणारा. सुरभी म्हणे, "तसा नाई वो. हे चहा पीत नाई. काम सांगतलं का आपल्या डोक्यानं एक एक पायरी करत जाते."

"चहा पीत नाई अन् सांगतलेलं काम करते. मंग हे तं सून झाली."

असे तीन एजंट तिनं उतरवून घेतले हायेत. तिन्ही फुकट. फुकट म्हणजे कसं, तं पाकिटातलं बियाणं दरसाल नवीन घ्या लागते, अन् आत काय हाय ते कोणी सांगत नाई. हे घरच्या बियाण्यासारखं. कोणीतरी तयार केलं अन् सगळ्याइले उघडं करून देल्लं. न्या, पेरा, आपल्या जमिनीप्रमाणं सुधरवा. नाई उगवलं तं मात्र भांडाले दुकानदार नसते.

पंचवीस ऑगस्टले संचालकाइची सभा हाय. कोणत्या कामाले कोणता एजंट, हे तिनं तिथं उभं राहून सांगाचं. बरोबर निघालं तं नोकरी कायम, अन् घरूनच काम. नाई निघालं तं पुन्हा पुणे.

"पण परीक्षा माह्याकडून काहून घेऊन राह्यली?" मी विचारलं.

"आपली बोली ह्याइले समजते का ते पाहाचं हाय. तुह्यापेक्षा आडवं बोलणारं कोणी मले माहीत नाई."

पोट्टी माहीच हाय.

३० जुलै, बुधवार

एजंटाइचे नावं इंग्रजीत हायेत, जिभेले गाठ पडते. मी त्याइले थोरली, मधली अन् धाकटी केलं. पोरगा झाला नाई म्हणून जन्मभर सून नाई भेटली, आता एकदम तीन.

आज थोरलीची पाळी. सुरभीनं माइक लावून देल्ला. मी विचारलं, "कपाशीवर तुडतुडे हायेत, काय फवारू?"

थोरली म्हणे, किती एकर हाय. सांगतलं. म्हणे, वाण कोणतं. सांगतलं. पान उलटं करून पाह्यलं का. किती झाडं पाह्यले. एका पानावर किती तुडतुडे. मागची फवारणी कवा. मी म्हटलं, "वो बाई, तोवर तुडतुडे म्हातारे होऊन मरन." तं म्हणे, "तुमची अडचण समजली. पुढचा प्रश्न विचारू का?"

चवदावा प्रश्न झाल्यावर म्हणे, "आता उत्तर देऊ का?" अशी सून असती तं वरणाले फोडणी देऊ का हे विचारता विचारता दिवाळी आली असती.

पण उत्तर काय देल्लं, तं फवारूच नका. तुडतुडे कमी हायेत, चार दिवसानं पुन्हा मोजा. दुपारी कृषी सहायक रस्त्यानं चालला होता, त्याले थांबवून विचारलं. त्यानंही तेच सांगतलं, फक्त प्रश्न न विचारता.

निळ्या वहीत लिहिलं: थोरली उशीर लावते, पण चुकत नाई. शेतीच्या सल्ल्याले हेच ठेवा. लोकाइले आधीच सांगा का पाण्याची बाटली घेऊन बसा.

३ ऑगस्ट, रविवार

मधली एकटी नाई निघाली. आतमधे पाच जणी हायेत. एक माहिती शोधते, एक लिहिते, एक चुका काढते, एक लहान करते, अन् पाचवी मुकादमीण, ते सगळ्याइवर नजर ठेवते. त्याइचं आपसातलं बोलणं पडद्यावर दिसते. मले तं नळावर बसल्यासारखं वाटलं.

काम देल्लं, ढोराइच्या लसीची सूचना लिहा. लिहिणारीनं लिहिलं. चुका काढणारी म्हणे, "ढोरं हा शब्द काही लोकांना अपमानास्पद वाटू शकतो." लिहिणारी म्हणे, "मग पशुधन लिहू." मी माइकमधे म्हटलं, "ढोरं म्हणजे ढोरंच. बैलाले विचारून पाहा त्याचा अपमान झाला का." झालं, पाचही जणी माह्यावरच बोलाले लागल्या. "वापरकर्त्या नाराज दिसतात." "त्यांना सावकाश समजून घेऊ." माही सासूही माह्या तोंडावर असं बोलत नोती, मागं बोलत होती.

चाळीस मिनिटानं सूचना निघाली. चांगली निघाली, पण बोली पुस्तकातली.

सुरभी म्हणे, "हिची गंमत अशी हाय आई, तू बोलत गेली का हे ध्यानात ठेवते. तुह्यासारखं बोलाले शिकन."

"माह्यासारखं शिकली तं कंपनी बंद पडन."

तरी रोज दुपारी घंटाभर तिच्याशी बोलाचं ठरवलं. काम हाय म्हणून. मले तसा कंटाळा नाई.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल पाय दुखत होते म्हणून लिहिलं नाई. पाय काहून दुखत होते ते आज लिहीन.

परवा धाकटीची परीक्षा. हे विचारत नाई, करून मोकळी होते. सुरभी म्हणे, सोपं काम दे. मी म्हटलं, "माह्या मोबाईलवर जे निरोप येते, त्याइले माह्यासारखं उत्तर दे." धाकटीनं माहे जुने निरोप वाचले, अन् मी कशी बोलतो ते शिकली.

आता मी काय बोलतो? जे सगळं गाव बोलते. आपण जेवाले बसलो, दारावरून कोणी चाललं, तं म्हणाचं, "या जेवाले." तो म्हणते, "चालू द्या." अन् जाते. गंजात भाजी किती हाय ते त्यानंही पाहाचं नाई अन् आपणही. माह्या आजीपासून हे असंच चालू हाय, कधी कोणी खरंच बसलं नाई.

धाकटीले हे कोण सांगन? जितक्याइचे नमस्कार आले तितक्याइले तिनं लिहिलं, या जेवाले. लोकं म्हणे, चालू द्या. तं ते म्हणे, चालू देत नाही, उद्या बारा वाजता या. अन् अकरा वाजता सगळ्याइले आठवण, "भाकरी टाकल्या. निघा."

मी काही भाकरी टाकल्या नोत्या. मी न्हाणीत होती.

सतरा लोकं आले. पहिले गंगी आली, माही निंदणाची जोडीदारीण, उपाशी पोटी. मागून कमलाकर भाऊजी, शेजारचे, तेच कंपनीचे अध्यक्ष. दोन पाहुणे संग. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी कसे काय?" तं ते म्हणे, "वहिनी, आमालेही समजलं नाई. पण वेळ देल्ली होती, मंग येणं पडलं." सगळे असे लाजून बसले का जसं त्याइचीच चूक. श्रावण होता म्हणून बरं, कोंबडीची कोणी आशा नाई केली. बेसन, ठेचा अन् भाकरी. मी थापून राह्यली, सुरभी लॅपटॉप मिटवून पीठ मळून राह्यली.

मले हसू आवरत नोतं. सुरभी हळूच म्हणे, "आई, हे कंपनीच्या चारशे सभासदाइसंग झालं असतं तं?"

"तं ज्वारी उसनी आणा लागली असती."

"माही नोकरी हाय ते, आई."

मंग मी हसली नाई. तिच्या हातात पीठ होतं अन् कपाळावर केस येत होते, ते मी मागं केले.

निळ्या वहीत लिहिलं: धाकटी हुशार हाय, पण माणसाइपासून दूर ठेवा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सुरभीनं धाकटीले दुसरं काम देल्लं. रोज सकाळी सहाले बाजारभाव अन् पावसाचा अंदाज आणून ठेवाचा, कोणाशी बोलाचं नाई. सहा म्हणजे सहा. सलग चार दिवस चुकली नाई. सासूनं बोलणं बंद केलं का काही सुना सुधारते.

मधली आता "वो बाई" म्हणाले लागली. आज म्हणे, "काय वो, आज आवाज बसला का तुमचा?" मले खोकला होता. घरात दुसरं कोणी नोतं विचाराले, सुरभी वणीले गेलती.

१६ ऑगस्ट, शनिवार

तिसरं काम निघालं. सुरभीची साहेबीण मिताली, नागपूरची, वणीच्या ऑफिसात बसते. ते म्हणे, आपल्या छापील सूचना कोणी वाचत नाई. बोंडअळीचे सापळे लावा असं आपल्या बोलीत, लोकं हसून ऐकन असं लिहिणारा एजंट पाहिजे. पोळा आलाच हाय, तं झडती लिहून घेऊन पाहा.

झडती म्हणजे पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राह्यले का माणसं एकमेकाले टोमणे मारत जे म्हणते ते. शेवटी सगळ्याइनं हर हर महादेव कराचं. बायाइनं म्हणाची नसते. लिहाची नाई असं कोणी सांगतलं नाई, कारण कोणाले ते सुचलंच नाई.

सुरभीचे बाबा सव्वीस वर्ष झडत्या म्हणत होते. कोण लिहून देते ते त्याइनं मरेपर्यंत कोणाले सांगतलं नाई. त्याइले जाऊन सहा वर्ष झाले. आता कमलाकर भाऊजी जुन्याच म्हणते, अन् लोकं जुनंच हसते.

मी सुरभीले म्हटलं, "मशीनले टोमणा मारता येत नाई. टोमण्याले समोरच्याची उणी जागा माहीत पाहिजे."

"पाहू ना," ते म्हणे.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुरभी वणीले. जाताना म्हणे, "दुपारी मधलीले झडती लिहाले सांग, अन् जे येईन ते जसंच्या तसं मले पाठव."

सांगतलं. तिनं लिहिलं. काहीबाही होतं, पाणचट. इथं उतरवून घेण्यासारखं नाई. मी थोडी सुधरून पाठवली. सुधरून म्हणजे नवीनच लिहिली.

सर रे सर, पावसाची सर,
कमलाकरचा डोळा मोबाईलवर;
बैल म्हणे धन्या, सण माहा आज,
माहा खांदा कोरडा अन् मोबाईलले साज.
सापळा नाई वावरात, अळी खाते बोंड,
पुढच्या पोळ्याले धन्या, दाखवशीन कोणतं तोंड?
बोला हर हर महादेव.

सहा वर्षानं लिहिली, पण हात बसलेलाच हाय.

मंग मधलीची पाटी कोरी करून टाकली. एक बटण हाय त्याले. स्वच्छता बरी असते.

२० ऑगस्ट, बुधवार

सुरभी नाचतच घरी आली. मितालीनं झडती वाचली, हसता हसता तिच्या डोळ्यात पाणी आलं, अन् लगेच संचालकाइच्या ग्रुपवर टाकली. सुरभीनं अहवालात लिहिलं, बोलीतल्या लेखनाले मधली, दहापैकी नऊ.

"एक काहून कापला?" मी विचारलं.

"सगळे देल्ले तं कोणी विश्वास ठेवत नाई."

मी म्हटलं, "सापळ्याची ओळ चांगली जमली, नाई?"

"तुले कसं माहीत?"

"मीच तं पाठवली ना."

हे खरंच होतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळणी. बैलाच्या खांद्याले लोणी-हळद लावाचा दिवस. संध्याकाळी कमलाकर भाऊजी आले, चहा घेतला, बशी खाली ठेवली.

"वहिनी, कंप्युटर हुशार झालं हो."

"झालं असन."

"माह्या बैलाचा खांदा कोरडाच राहणार होता, हेही त्याले दिसलं."

"आजकाल वरतून फोटो निघते म्हणे."

"गोठ्यावर टिनं हायेत, वहिनी."

मी म्हटलं, "अजून चहा घ्या." ते म्हणे, "मागच्या साली मी लोणी आणाले विसरलो होतो, तं तुमच्या घरून नेलं. ते तुमच्याशिवाय कोणालेच माहीत नाई. मी घरातही बोललो नाई."

"बैलाले माहीत होतं."

"बैलाजोळ मोबाईल नाई." मंग म्हणे, "दादाराव सव्वीस वर्ष झडत्या म्हणे. त्याले साधी चिठ्ठी लिहिता येत नोती. मी काय येडा हाय?"

"मंग इतके वर्ष बोलले काहून नाई?"

"टोमणे मलेच बसत होते. बोललो असतो तं वाढले असते."

माणूस वाटते त्यापेक्षा पोचलेला हाय. पण पुढं जे बोलले ते गमतीचं नोतं. सोमवारच्या सभेत सगळे संचालक म्हणणार हायेत, कंप्युटरनं आमच्या समोर एकेकावर झडती लिहून दाखवावी. "पोरीचं हसं होईन, वहिनी. तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगीन," म्हटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

आज नाई सांगतलं. सणाच्या दिवशी कायले.

तोरणाखाली भाऊजीनं तेच झडती म्हटली, स्वतःवरची, अन् म्हणाच्या आधी सांगतलं, "हे कंप्युटरनं लिहिली हाय." सांगताना माह्याकडे पाह्यलं. आमी बाया पारावर उभ्या होतो. लोकं असे हसले का एक बैल बुजला. सापळ्याच्या ओळीवर तं गर्दीतल्या देवसिंगनं पुन्हा म्हणाले लावली.

गंगी म्हणे, "आता माणसाइची गरजच नाई राह्यली, बाई."

मी म्हटलं, "तुह्या घरी आज पुरण कंप्युटरनंच वाटलं ना?"

हसले सगळे माह्या झडतीले, अन् नाव झालं मधलीचं. दादाराव असते तं निदान घरी येऊन मले म्हटलं असतं, "आज जमली तुही." नवऱ्याचं नाव लिहून गेलं माह्या हातून. लिहिलंच हाय तं राहू द्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी लेकरं लाकडाचे बैल घेऊन दारोदार फिरत होते, तान्हा पोळा. सुरभी त्याइले खाऊ वाटून आली, तवा सांगून टाकलं. झडती माही होती.

ते हसन असं मले वाटलं होतं. ते खाली बसली.

"आई, ते अहवालात हाय. मितालीनं वर पाठवलं. तिची सही हाय त्याच्यावर."

"मी म्हटलं जरा गंमत."

"तुही गंमत अन् माही परीक्षा." मंग उठली, लॅपटॉप उघडला, म्हणे, "पुन्हा घेऊन पाहीन. कदाचित चांगली लिहीन." अन् मधलीले माह्यासमोर झडती लिहाले सांगतली. पाचही जणी बसल्या. अर्ध्या घंट्यानं हे आलं:

बैल आपला मित्र आहे,
शेतकऱ्याचा सोबती आहे;
वेळेवर सापळे लावू या,
आनंदाने पोळा साजरा करू या.

सुरभीनं तीनदा घेऊन पाह्यली. तिसऱ्या वेळी आनंदाच्या जागी उत्साह आला.

"हे असं काहून झालं?" ते म्हणे. "मागच्या आठवड्यात हे तं तुह्यासारखी बोलत होती. 'वो बाई' म्हणत होती. आता एकदम सरकारी काहून?"

"थकली असन."

"मशीन थकत नाई, आई."

"पाच जणी हायेत. भांडण झालं असन."

ते माह्याकडे पाहत राह्यली. मी तुरीची डाळ निवडाले घेतली.

२४ ऑगस्ट, रविवार

सुरभी दिवसभर अहवाल बदलून राह्यली. लेखनाच्या खाली मधलीचे नऊ गुण खोडून दोन केले. मितालीले फोन केला, खरं सांगतलं. तिकडून काय बोलणं झालं ते नाई समजलं, इकडून सुरभी नुसती "हो, हो, माही चूक" म्हणत होती. तिची नोतीच चूक.

जेवताना विचारलं तिनं, "आई, त्या दिवशी मधलीनं आधी काय लिहिलं होतं? आठवते का?"

"पाणचट होतं."

"एखादी ओळ?"

"नाई आठवत," मी म्हटलं, अन् तिले भाजी वाढली. तिनं मागितली नोती.

२५ ऑगस्ट, सोमवार

मीही गेली वणीले. एसटीत सुरभी खिडकीतून कोळशाचे ट्रक मोजत होती, लहानपणी घाबरली का मोजे तशी.

सभेत अकरा संचालक, मिताली, अन् मागच्या खुर्चीवर मी. सुरभी उभी राह्यली. थोरली सल्ल्याले, काहून ते सांगतलं. धाकटी भाव-हवामानाले, काहून ते सांगतलं. माह्या घरच्या सतरा ताटाइची गोष्ट नाव न घेता सांगतली, पण त्यातले तीन जण समोरच बसले होते, ते टेबलाकडे पाहाले लागले.

मंग एक जण म्हणे, "आता झडती लिहून दाखवा."

सुरभी म्हणे, "ते झडती एजंटाची नोती. माह्या परीक्षेत गडबड झाली, अन् मी तपासलं नाई. ते माह्या आईनं लिहिली होती. पुन्हा परीक्षा घेतली तं एजंट नापास झाला. आपल्या बोलीत लिहिण्याच्या कामाले ह्या तीनपैकी एकही चालत नाई. माणूस पाहिजे."

मले, देवाशप्पथ, पोरीचं सामान पुण्याच्या गाडीत चढताना दिसाले लागलं.

कमलाकर भाऊजी म्हणे, "स्वतःची चूक उभं राहून सांगणारं माणूस ह्या कंपनीत मी पहिल्यांदा पाह्यलं. बाकीच्या दोन निकालाइवर मी डोळे मिटून सही करीन." मितालीनं मान हलवली. एकानं विचारलं, "पण हे फुकटचे एजंट उद्या बिघडले तं?" सुरभी म्हणे, "उघडे हायेत म्हणून तं घेतले. बिघडले तं मी उघडून सुधरवीन. त्यालेच मी पाहिजे." त्याच्यावर हसले सगळे, अन् तिथंच कायम केलं तिले. कागद महिनाअखेर भेटन.

वरून म्हणे, यापुढं प्रत्येक सूचना बाहेर जाण्याआधी विमलताईच्या, म्हणजे माह्या, नजरेखालून जाईन. मशीनले जे जमत नाई ते त्याइले जमते. टाळ्याही झाल्या.

येताना सुरभीनं माह्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणे, "आई, तू मशीनले हरवलं."

मी म्हटलं, "नीट बस, रस्ता खराब हाय."

२६ ऑगस्ट, मंगळवार

गंगी पेढे खाऊन गेली. भाऊजी दोनदा येऊन गेले. सगळे म्हणून राह्यले, मशीनपेक्षा आमची विमल भारी. सकाळपासून हेच ऐकून राह्यली. सुरभी आत थोरलीले काहीतरी शिकवून राह्यली, गुणगुणून राह्यली.

निळी वही कंपनीत जमा झाली. हे माह्याजोळ हाय, तं हिच्यात तरी लिहीन.

मधलीची झडती पाणचट नोती. मी तिले सांगतलं होतं, आमच्या गावातल्या सगळ्यात खोडकर माणसावर लिही. मले वाटलं भाऊजीवर लिहीन. तिनं हे लिहिलं, अन् माह्या ते अक्षर न् अक्षर पाठ हाय:

चाळणी रे चाळणी, पिठाची चाळणी,
विमलबाईची जीभ म्हणजे गावाची गाळणी;
गावभराचे खडे निवडते बसून दारात,
आपल्या ताटातला खडा मात्र गिळते घरात.
बोला हर हर महादेव.

मी एकटीच हसली, पदर तोंडात धरून. बाईचा नवरा गेला का लोकं तिच्याशी जपून बोलते. मी सगळ्याइले चिडवतो, मले सहा वर्षात कोणी चिडवलं नोतं.

अन् मंग मी जळली. सव्वीस वर्षात मले अशी एक ओळ नाई जमली. ते सुरभीले पाठवली असती तं मधलीले दहापैकी दहा भेटले असते. म्हणून मी ते पुसली, अन् तिच्यासंग दोन आठवडे शिकलेलं तिचं सगळंच पुसलं. सुरभी खरं बोलली म्हणून कायम झाली, अन् ते खरं मीच आधी खोटं करून ठेवलं होतं.

मधली नापास नाई झाली. मी केली.